जुना कब कॅडेट १२२ परत कामाला लावताना: दुरुस्तीच्या नोंदी

१४ जानेवारी

मशीन शेडमध्ये आलं. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा बागेच्या कामाचा छोटा ट्रॅक्टर, कब कॅडेट, मॉडेल १२२, म्हणजे १९६५ ते १९६७ या काळातला. इंजिन कोहलर के३०१, एक सिलिंडर, ४७६ सीसी, १२ हॉर्सपॉवर, एअर कूल, व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, सिलिंडरच्या बाजूला. कब कॅडेट १९६१ ला बाजारात आला आणि मला हा ट्रॅक्टर आवडतो कारण इंजिनापासून मागच्या गिअरबॉक्सपर्यंत मधे बेल्ट नाहीच, सरळ शाफ्ट, पुढे क्लच, मागे कपलिंग आणि गिअरबॉक्स पूर्ण बिडाचा, फार्मऑल कब नावाच्या छोट्या शेती ट्रॅक्टरवरून घेतलेला. बागेच्या कामासाठी एवढं वजनदार, एवढं उघडून दुरुस्त करता येईल असं काहीतरी कोणीतरी मनापासून बनवलं होतं हे नट-नट उघडताना कळतं.

अवस्था: बरीच वर्षं उभा. बॅटरी मेलेली, टाकीतल्या पेट्रोलला वार्निशसारखा वास, मागचं एक टायर बसलेलं, इंजिनाच्या पत्र्याखाली उंदरांचं घरटं. आधीच्या मालकाने एवढंच सांगितलं की चालू होता पण क्लच सोडला की थरथरायचा म्हणून बाजूला ठेवला. हे वाक्य वहीत पहिल्या ओळीत लिहून ठेवलंय कारण इंजिन चालू झालं की माणूस खूश होतो आणि खरा आजार विसरतो.

बॅटरी जोडून लगेच सेल्फ मारायचा नाही असं ठरवलंय. प्लग काढला, सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडलं आणि रात्रभर ठेवलं.

१५ जानेवारी

फ्लायव्हील हाताने फिरवलं, जाम नाही, गुळगुळीत फिरतंय, मोठी काळजी गेली.

कॉम्प्रेशन बघायचं होतं पण या इंजिनाला कॉम्प्रेशन गेज लावून उपयोग नाही. कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) ऑटोमॅटिक कॉम्प्रेशन रिलीज असतो, साधारण ६५० आरपीएमच्या खाली तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो म्हणजे सेल्फला ओढायला सोपं जावं, त्यामुळे सेल्फवर गेज नेहमी कमीच दाखवणार आणि लोक धडधाकट इंजिन उघडून बसतात. त्याऐवजी प्लग लावून फ्लायव्हील उलट्या दिशेने, पॉवर स्ट्रोकच्या विरुद्ध हाताने झटक्यात फिरवायचं. ते उसळी मारून परत आलं तर कॉम्प्रेशन आहे. माझं परत येतंय पण थोडं मवाळ, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह, आणि इतकी वर्षं उभ्या मशीनमध्ये माझा पहिला संशय व्हॉल्व्हवर कारण एखादा उघडा राहिलेला व्हॉल्व्ह दमट हवेत बसतो आणि त्याच्या सीटवर गंज धरतो.

जुनं ऑइल काढलं, काळं होतं पण त्यात चमकणारे कण नाहीत. हे फार महत्त्वाचं. के३०१ चा कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, ॲल्युमिनियमचा, तो क्रँकवर थेट बसतो, मधे वेगळं बेअरिंग शेल नाही, ऑइल पंप नाही, फिल्टर नाही, रॉडच्या खालची एक छोटी दांडी ऑइल उडवते आणि त्यावरच सगळं चालतं. त्यामुळे ड्रेन प्लगमधून आलेलं ऑइल पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात तिरकं धरून बघितल्याशिवाय फेकायचं नाही. चंदेरी चुरा दिसला असता तर या नोंदी वेगळ्याच झाल्या असत्या.

२१ जानेवारी

पेट्रोलची लाइन. पंप नाही, टाकी वर आहे आणि पेट्रोल आपोआप खाली उतरतं, मधे काचेची वाटी असते त्यात पाणी आणि कचरा बसतो. वाटी धुतली, तिचं गॅस्केट बदललं, रबरी पाइप बदलला. टाकीत गंज होता, त्यात मूठभर छोटे नट आणि थोडं रॉकेल टाकून हलवली, मग धुऊन पूर्ण वाळवली.

कार्ब्युरेटर उघडला, फ्लोटच्या भांड्यात तपकिरी चिकट थर. सगळं क्लीनरमध्ये बुडवलं, आयडलची बारीक भोकं वायरीतली तांब्याची एक तार घेऊन साफ केली, स्टीलची तार किंवा ड्रिलचं टोक अजिबात नको, भोक एकदा मोठं झालं की नंतर कितीही स्क्रू फिरवा, स्लो बसत नाही. नीडल आणि सीट नवी. फ्लोट उलटा धरून त्याच्या आणि बॉडीच्या मधली फट ११/६४ इंच लावली. थ्रॉटलचा शाफ्ट बोटाने वर-खाली केला, हलका प्ले आहे पण चालेल. जास्त प्ले असता तर तिथून हवा ओढली गेली असती आणि मिक्श्चर कायम पातळ राहिलं असतं, तेव्हा बुश टाकावाच लागतो.

दोन्ही नीडल स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून मग उघडल्या, मेन दोनेक फेरे आणि आयडल सव्वाच्या आसपास. ही फक्त सुरुवात, खरं सेटिंग इंजिन गरम झाल्यावर. बंद करताना जोर लावला तर नीडलच्या टोकाला वळ पडतो आणि सीट खराब होते.

२८ जानेवारी

इग्निशन. आजचा दिवस सगळा यातच गेला आणि मला सर्वात आवडलेला दिवस पण हाच.

पॉइंट म्हणजे कॉईलचा करंट जोडणारी-तोडणारी दोन टोकं. या इंजिनात ते फ्लायव्हीलखाली लपलेले नाहीत, ब्लॉकच्या बाहेर एका छोट्या झाकणाखाली आहेत, कॅमशाफ्टवरून एक पुशरॉड येतो आणि तो पॉइंट उघडतो. म्हणजे दोन स्क्रू काढले की काम समोर. झाकण काढलं तर आत तेलकट ओल, पुशरॉडच्या बाजूने ऑइल झिरपत आलेलं, आणि पॉइंटवर एका बाजूला खड्डा दुसऱ्या बाजूला टेकाड. असं एका टोकाचं धातू दुसऱ्यावर चढलेलं दिसलं की कंडेन्सरवर संशय घ्यायचा. पॉइंट उघडतात तेव्हा कॉईलमधला करंट एकदम तुटतो, तो धक्का कंडेन्सर पोटात घेतो, नाही घेतला तर ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच पडते. दोन्ही नवीन टाकले.

आता फट. पुस्तकी माप २० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे अर्धा मिलिमीटर. बरेच लोक फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्या) २० थाउ लावतात आणि झाकण लावून मोकळे होतात. पण इथे पॉइंटची फट आणि टायमिंग एकमेकांना बांधलेले आहेत. फट वाढवली की पॉइंट लवकर उघडतात म्हणजे स्पार्क लवकर, कमी केली की उशिरा. फ्लायव्हीलवर टी आणि एस अशा दोन खुणा आहेत, टी म्हणजे पिस्टन अगदी वर, एस म्हणजे स्पार्कची जागा, टीच्या २० डिग्री आधी. मी आधी २० थाउ लावली, मग पॉइंटच्या वायरीवर टेस्ट लॅम्प जोडला, किल्ली ऑन करून फ्लायव्हील हाताने चालायच्या दिशेने हळूहळू फिरवलं. पॉइंट बंद असताना दिवा विझलेला, उघडले की पेटतो. दिवा एस खूण खिडकीतून पुढे गेल्यावर पेटला, म्हणजे स्पार्क उशिरा. फट चिमूटभर वाढवली, परत फिरवलं, आता दिवा बरोबर एस समोर. मग फीलर गेजने मोजलं तर २१-२२ थाउ. म्हणजे पुशरॉड आणि कॅम थोडे घासलेत, तेवढी भरपाई फटीने दिली. फीलर गेज सुरुवात करून देतो, शेवटचा शब्द दिव्याचा.

दिवा लावून झाला की किल्ली बंद करायला विसरू नये. पॉइंट बंद स्थितीत असतील आणि किल्ली ऑन राहिली तर कॉईलमधून सतत करंट जातो, १२ व्होल्ट आणि साधारण ४ ओहम म्हणजे ३ अँपियर, कॉईल तापून तिच्यातलं इन्सुलेशन जातं.

प्लगची फट ३५ थाउ. हाय टेन्शन वायर नवीन, जुनी अंधारात बघितली असती तर निळे झटके दिसले असते इतकी तडकली होती.

४ फेब्रुवारी

स्टार्टर-जनरेटर. या ट्रॅक्टरला वेगळा सेल्फ आणि वेगळा डायनॅमो नाही, एकच गोल डबा बेल्टने इंजिनाला जोडलेला, सुरू करताना तो मोटर असतो आणि चालू झाल्यावर तोच बॅटरी चार्ज करतो. पिनियन नाही, फ्लायव्हीलला दात नाहीत, त्यामुळे खडखडाट न होता इंजिन फिरतं.

उघडला, ब्रश अर्धे शिल्लक पण एका ब्रशची स्प्रिंग गंजलेली म्हणून दोन्ही बाजू बदलल्या. कम्युटेटर बारीक काच पेपरने साफ केला, त्याच्या पट्ट्यांमधल्या खाचा मोडक्या हॅक्सॉ ब्लेडने मोकळ्या केल्या. इथे एमरी पेपर नको, त्याचे कण वीज वाहतात आणि खाचेत अडकले की पट्ट्या शॉर्ट होतात.

अर्थिंग हा खरा मुद्दा. बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिनाचा ब्लॉक यात मीटर लावून सेल्फ मारला तर जवळजवळ एक व्होल्ट दाखवत होता. एवढा व्होल्ट तारेतच मरतो. नवीन जाड केबल, रंग खरवडून उघडा पत्रा, दातेरी वॉशर. परत मोजलं, ०.२ च्या खाली. जुन्या मशीनला नवीन बॅटरी घालण्याआधी हे एक माप घ्यावं, माझं ठाम मत आहे.

११ फेब्रुवारी

हेड काढलं. आधी पत्रे आणि उंदरांचं घरटं काढलं, सिलिंडरच्या पंख्यांमध्ये (बाहेरच्या पातळ पाकळ्या, ज्यांतून हवा जाते) गवत आणि धूळ घट्ट बसली होती, लाकडी काडी आणि हवेने मोकळी केली. एअर कूल इंजिन याच फटींमधून श्वास घेतं. त्या बुजल्या की हेड वाकतं, ऑइल पातळ पडतं आणि मग तो ॲल्युमिनियमचा रॉड क्रँकला धरतो. किती तरी इंजिनं फक्त एवढ्यासाठी मेलीत, आणि बाहेरून पत्रा चकचकीत असतो म्हणून कोणी उघडत नाही.

पिस्टनवर कार्बनचा जाड थर, लाकडी पट्टीने काढला. सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे नाहीत, वरच्या टोकाला नखाला लागेल अशी कड नाही. म्हणून खालचं इंजिन उघडायचं नाही. ऑइल स्वच्छ, धूर कधी सांगितलेला नाही, मग बसलेल्या रिंगा उगाच हलवायच्या कशाला.

संशय खरा निघाला, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर अर्ध्या भागात गंजाचे डाग. ग्राइंडिंग पेस्ट लावून हाताने घासला, आधी जाड मग बारीक, सगळीकडे सारखी राखाडी रेघ येईपर्यंत. नंतर रॉकेल ओतून बघितलं, गळती नाही. पेस्टचा एक कणही मागे राहता कामा नये, कारण तो उडत्या ऑइलमधून थेट क्रँकवर जातो, म्हणून खाली कापड कोंबून काम केलं आणि शेवटी साबणाच्या पाण्याने पुसलं.

टॅपेट: के३०१ ला ॲडजस्ट होणारे टॅपेट (व्हॉल्व्ह खालून उचलणारे तुकडे) आहेत हे फार चांगलं, व्हॉल्व्हचं टोक घासत बसावं लागत नाही. थंड इंजिनावर इनटेक ८ ते १० थाउ, एक्झॉस्ट १७ ते २०. एक्झॉस्टला दुप्पट कारण तो लालबुंद गरम होतो आणि लांब होतो, फट कमी ठेवली तर गरम झाल्यावर बंदच होणार नाही आणि जळेल. आणि मोजताना पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला अगदी नेमका हवा, अलीकडे असेल तर कॉम्प्रेशन रिलीज एक्झॉस्ट उचलून धरतो आणि माप चुकीचं येतं.

हेड काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासलं, कडेला थोडं वाकलेलं होतं, सगळीकडे चमक आल्यावर थांबलो. नवीन गॅस्केट, बोल्टचे आटे साफ, टॉर्क तीन टप्प्यांत क्रमाने, शेवटी २५ ते ३० फूट-पाउंडच्या मधे. उलटं फिरवून परत बघितलं तर फ्लायव्हील आता हाताला झटका देतंय.

२५ फेब्रुवारी

क्लच. ज्यासाठी मशीन कोपऱ्यात पडलं होतं ते काम.

रचना सांगतो, कारण ती समजली की थरथर कुठून येते हे आपोआप दिसतं. इंजिनाच्या मागच्या टोकाला एक ड्रायव्हर प्लेट, तिच्यावर तीन पिना. त्या पिना क्लच डिस्कच्या भोकांत बसतात आणि डिस्कला फिरवतात. डिस्कच्या दोन्ही बाजूंना प्रेशर प्लेट, या शाफ्टसोबत फिरतात. मागून जाड स्प्रिंग त्यांना दाबून धरते. पेडल दाबलं की लिव्हर थ्रो-आउट बेअरिंगला ढकलतो, स्प्रिंग दबते, डिस्क सुटते. शाफ्टचं पुढचं टोक ड्रायव्हर प्लेटच्या मधल्या भोकात टेकलेलं, मागचं टोक गिअरबॉक्सच्या कपलिंगला. आणि हे सगळं शाफ्टवर फक्त स्प्रिंग पिनांनी धरलेलं आहे, गुंडाळलेल्या पत्र्याच्या आडव्या पिना.

शाफ्ट बाहेर काढला तेव्हा डिस्क बऱ्यापैकी जाड होती! म्हणजे नुसती डिस्क बदलून काही झालं नसतं. खरी झीज पिनांच्या भोकांत. शाफ्टमधली भोकं गोल राहिली नाहीत, लांबट झालीत, मागच्या कपलिंगमध्ये शाफ्ट बोटाने हलतो, आणि पुढचं टोक जिथे टेकतं तिथे पायरी पडली आहे. क्लच सोडताना शाफ्ट आधी या सगळ्या मोकळ्या जागा भरतो, आदळतो, परत मागे येतो, परत आदळतो, तीच थरथर. आणि प्रत्येक आदळीने भोक अजून थोडं वाढतं.

जुन्या शाफ्टला ९० अंश फिरवून नवीन भोकं पाडता येतात, बरेच जण तसं करतात आणि ते चालतं. पण माझ्या शाफ्टचं टोक पण झिजलेलं होतं म्हणून ५/८ इंची सरळ ग्राइंड केलेला स्टीलचा रॉड घेतला, त्याच लांबीचा. भोकं हातातल्या ड्रिलने पाडायची नाहीत, व्ही ब्लॉकमध्ये रॉड बांधून, ड्रिल मशीनवर, आधी छोटं मग पिनेच्या मापाचं. भोक मधोमध नसेल तर प्लेट तिरकी बसते आणि नवीन थरथर सुरू होते. कपलिंग, पिना, थ्रो-आउट बेअरिंग, डिस्क सगळं नवीन, आणि ती छोटी टीझर स्प्रिंग पण, जी क्लच सोडताना पहिली हलकी पकड देते आणि झटका बसू देत नाही. लिव्हरच्या पिनेत सुद्धा प्ले होता, तीही बदलली.

मुख्य स्प्रिंग दाबताना सावध. तिच्यात पाय मोडण्याएवढी ताकद असते. लांब आटेदार रॉड, दोन्ही बाजूला जाड वॉशर आणि नट, पाना फिरवत फिरवत दाबली, तोंड समोर न ठेवता. हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन हे कोणी करू नये.

३ मार्च

क्लच परत बसवला. थ्रो-आउट बेअरिंग आणि लिव्हर यात पेडल मोकळं असताना ५० थाउ फट ठेवली. फट नसेल तर बेअरिंग सतत फिरत राहतं आणि डिस्क अर्धवट सुटलेली राहते, घसरते. फट जास्त झाली तर पेडल पूर्ण दाबूनही डिस्क सुटत नाही आणि गिअर टाकताना किरकिर येते, कारण या गिअरबॉक्समध्ये सिंक्रो (चालता गिअर सहज जुळवणारी रचना) नाही, गिअर उभं राहूनच टाकायचा. बसवून झाल्यावर इंजिन हाताने फिरवत शाफ्ट बघत बसलो, मागच्या कपलिंगजवळ जराही डोलत नाही. फार बरं वाटलं.

१० मार्च

गिअरबॉक्सचं ऑइल काढलं, दुधाळ. पाणी शिरलंय. कारण लगेच सापडलं, गिअरच्या दांड्याखालचं रबर फाटलेलं, दांड्यावरून ओल थेट आत. रबर बदलल्याशिवाय ऑइल बदलणं म्हणजे पैसे ओतणं. डिझेल टाकून, मागची चाकं हवेत उचलून हाताने फिरवून धुतलं, दोन-तीनदा, डिझेल स्वच्छ येईपर्यंत. ड्रेन प्लगजवळ बारीक लोखंडी चिखल होता पण दाताचा तुकडा नाही. आत टॉर्च टाकून बघितलं, दात धारदार, कडा शाबूत. साठ वर्षांच्या आसपास वयाचे दात आहेत हे. हाय-ट्रॅन हे गिअरबॉक्सचं ऑइल लेव्हल प्लगमधून वाहू लागेपर्यंत भरलं. एक्सलचं एक सील ओलं होतं, तेही बदललं.

१७ मार्च

स्टिअरिंग. चाक पाव फेरा फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म. रॉस कंपनीचा कॅम आणि लिव्हर प्रकारचा स्टिअरिंग बॉक्स, आत एक निमुळती पिन खाचेतून सरकते. पिन थोडी झिजलेली पण खाच चांगली, म्हणून ॲडजस्टिंग नटने पिन आत घेतली, चाक सरळ स्थितीत घट्ट नको आणि ढिलं नको इतपत. कडेला नेऊन ॲडजस्ट केलं तर मधे येताना अडकतं, हे लक्षात ठेवायचं. बाकीचा प्ले टाय रॉडच्या बॉल जॉइंटमध्ये आणि पुढच्या एक्सलच्या मधल्या पिनेत निघाला. बॉल जॉइंट नवे, पिन नवीन, सगळ्या निपलना जुनं ग्रीस बाहेर पडेपर्यंत ग्रीस.

२४ मार्च

पहिल्यांदा चालू केला. एसएई ३० ऑइल, ताजं पेट्रोल. सुरू करण्याआधी गव्हर्नर (इंजिनाचा वेग आपोआप आवरणारा भाग) सेट केला, आर्मचा नट ढिला करून शाफ्ट पक्कडने घड्याळाच्या उलट दिशेने अडेपर्यंत फिरवला, आर्म कार्ब्युरेटरपासून लांब ओढून धरला आणि नट घट्ट. हे न करता इंजिन चालू करणं धोक्याचं, रेस हाताबाहेर गेली तर तो ॲल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड पहिला तुटतो.

चोक, किल्ली, सेल्फ. दोन-चार फेऱ्यांत पकडला आणि चालतच राहिला, आवाज खोल, जड, एका सिलिंडरचा सावकाश ठोका. मी शेडमध्ये एकटाच हसत होतो.

गरम झाल्यावर मेन नीडल, रेस वाढवून, आत घेत गेलो जोवर इंजिन अडखळलं, मग बाहेर जोवर जड होऊन काळपट धूर आला, आणि मधे ठेवली, थोडी जास्त पेट्रोलच्या बाजूला. एअर कूल इंजिन पातळ मिक्श्चरवर ठेवायचं नाही, वेग छान वाटतो पण डोकं तापतं. आयडल त्यानंतर, साधारण १२०० वर. टॅकोमीटर लावून पूर्ण रेस बिनलोड ३६०० च्या वर जात नाही हे बघितलं, गव्हर्नरची स्प्रिंग एक भोक ढिली करावी लागली.

चार्जिंग आधी नव्हतं. मध्यम रेसवर जनरेटरचं एफ टर्मिनल क्षणभर अर्थ केलं तर अँमीटरचा काटा चटकन चार्जकडे गेला, म्हणजे जनरेटर ठीक, दोष रेग्युलेटरमध्ये, म्हणजे चार्जिंग आवरणाऱ्या डब्यात. रेग्युलेटरच्या बुडाचा अर्थ गंजलेला निघाला. खरवडून बसवला, आता १४ व्होल्टच्या आसपास.

थंड झाल्यावर हेडचे बोल्ट परत टॉर्क केले, दोन बोल्ट किंचित फिरले.

मग क्लच. पहिला गिअर, पेडल हळूहळू सोडलं. एकदाही थरथरला नाही. दुसऱ्यात तसंच, रिव्हर्समध्ये तसंच, आणि एरवी रिव्हर्समध्येच अशी मशीनं जास्त थरथरतात.

७ एप्रिल

पुढचा पीटीओ क्लच, म्हणजे गवत कापायच्या डेकला इंजिनाची ताकद जोडणारा. पुली जराशी तिरकी फिरत होती आणि बेअरिंगचा आवाज. काढताना एक गोष्ट माहीत हवी, बेअरिंग धरणारे स्क्रू प्रत्येक भोकात दोन-दोन आहेत, एकावर एक. वरचा काढला आणि पुलर लावला तर आतला अजून शाफ्टला चावून बसलेला असतो आणि ओढाओढीत शाफ्टचा पृष्ठभाग खराब होतो. आधी वरचे, मग टॉर्च टाकून आतले. बेअरिंग नवीन, शाफ्टवरच्या स्क्रूच्या खुणा पॉलिश पेपरने उतरवल्या, परत बसवताना तसेच दुहेरी स्क्रू कारण वरचा स्क्रू खालच्याला ढिला होऊ देत नाही.

कटिंग डेकच्या स्पिंडलमध्ये टेपर बेअरिंग, घासलेली नाहीत, जुनं कडक ग्रीस काढून नवीन भरलं. पाती धार लावून खिळ्यावर टांगून तोलली, जी बाजू खाली जाते ती घासायची. असंतुलित पातं स्पिंडलच खात नाही, पुढे बेल्टमधून पीटीओच्या बेअरिंगलाही हादरे देतं.

१२ मे

आत्तापर्यंत पूर्ण लोडवर गवत कापलंय, चढावर पण. पहिलं ऑइल लवकर बदललं, नंतर २५ तासांनी. त्याच वेळी टॅपेट, पॉइंट, क्लचची फट आणि पत्र्याखालचे पंखे बघायचे असं वहीत छापून डॅशखाली चिकटवलंय. नवीन पॉइंटची फट थोडी कमी झाली होती कारण त्याचा घासणारा भाग बसतो, दिवा लावून परत एस वर आणली.

प्लग बदामी. धूर नाही. डेकचा बेल्ट डावीकडच्या पुलीवर कड खातोय, काळी भुकटी पडतेय, त्या पुलीचा ब्रॅकेट वाकलेला दिसतोय. पुढच्या आठवड्यात डेक खाली काढून पट्टी लावून तिन्ही पुल्या एका रेषेत आणायच्या आहेत, तोवर हा बेल्ट चालेल.